जाड जाकीट, पातळ हातमोजे

रविवार, २ फेब्रुवारी

लुवी उजाडायच्या आत गेली. खांद्याला बंदूक, पाठीला सॅक, तोंडात पाव. मी पायजम्यात दारात उभा. म्हणाली, पापा, दार ओढून घ्या, मांजर बाहेर पळतं. रविवारचा आमचा संवाद एवढाच.

गेलं वर्षभर हेच चाललंय. आमच्या सान पाब्लो शहराच्या बाहेर, नारळीच्या बागेत खोबरेल तेलाची एक बंद पडलेली गिरणी आहे. तिथे ही चांगली मोठी माणसं खेळण्यातल्या बंदुकांनी एकमेकांवर प्लॅस्टिकचे छर्रे झाडतात. एअरसॉफ्ट म्हणे. मी आजवर त्याला पोरखेळ म्हणत आलो. आजपासून म्हणणार नाही.

कारण संध्याकाळी जेवताना लुवीने सांगितलं, रियाधच्या हॉस्पिटलचं पत्र आलं. नर्सची नोकरी, तीन वर्षांचा करार, ९ एप्रिलला विमान. तिची आई पिलार रडली, मग डोळे पुसून सगळ्यांना नूडल्स वाढल्या. मी रडलो नाही. मागे जाऊन पाण्याची टाकी भरली का ते बघून आलो. भरलेली होती. तरी थोडा वेळ तिथेच थांबलो.

बाकीचे दिवस तिच्या ड्यूट्या. रविवार तेवढा मोकळा, आणि तो गिरणीत. म्हणजे मुलगी हवी असेल तर गिरणी गाठायला हवी. ठरलं. मी खेळणार. वय सत्तेचाळीस, पण पाठ सोडली तर प्रकृती ठणठणीत.

लुवीला सांगितलं. तिने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग खरंच खूश झाली. म्हणाली, या की पापा, पण आमच्या टीममध्ये असं एकदम कुणाला घेत नाहीत. आधी चाचणीचे तीन खेळ. मग सगळे हात वर करतात. एकाचाही हात खाली राहिला तर नाही.

माझ्या बाबतीत हात खाली कोण ठेवणार? हार्डवेअरच्या दुकानात सुपरवायझर आहे मी. माणसं हाताळायची सवय आहे.

इथेच लिहून ठेवतो, बाहेर कुणाला सांगणार नाही. ती जाईपर्यंतचे रविवार मला तिच्या बाजूला उभं राहायचंय. बस.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. दुपारची सुट्टी

रिसर्च जोरात. गल्ल्यामागे बसून व्हिडिओ पाहिले. नवशिके दोन ठिकाणी फसतात: जाकीट आणि हातमोजे. एक तर भारीतलं घेऊन घरी बायकोचे टोमणे खातात, नाहीतर भलतंच काहीतरी घेतात. या क्षेत्रात मार्गदर्शनाची फार गरज आहे आणि मार्गदर्शक कोणी नाही. नव्हता.

लुवीने तिच्या परीने सल्ला दिला. म्हणाली, पैसे चष्म्यावर घाला पापा, डोळे महत्त्वाचे. बाकी स्वस्तातलं चालतं. जाळीचं हलकं जाकीट घ्या, मोजे पातळ घ्या. पातळच हवेत, म्हणजे लागलेलं कळतं.

मी हसलो. लागलेलं कळावं म्हणून कोणी चिलखत घालतं का?

मग तिने नियम समजावला. छर्रा लागला की आपणच ‘हिट’ म्हणून ओरडायचं, लाल फडकं डोक्यावर धरायचं आणि मुकाट्याने बाहेर जायचं. छर्‍याचा डाग पडत नाही, रंग उडत नाही. पंच असतो, पण त्याला लांबून काय दिसणार. ज्याला लागलं त्यानेच सांगायचं. अख्खा खेळ तेवढ्यावर उभा आहे, म्हणाली. मी म्हटलं, पाया जरा कच्चाच दिसतोय.

फेसबुकवर पेज काढलं. ‘तेरियो सरांचा स्वस्त आणि मस्त सल्ला’. फॉलोअर सध्या तीन. मी, पिलार आणि बोकड विकणारा एक गृहस्थ.

शनिवार, ८ फेब्रुवारी

जाकीट मिळालं. पासिंगबाईंच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात, परदेशी गठ्ठ्याच्या अगदी तळाशी. हातभर जाड. आतून फोम. रंग नारिंगी, पण गेटला मारायचा हिरवा रंग दुकानात पडून होता, तो मारला. पासिंगबाई म्हणाल्या, अहो, हे होडीत घालतात, बुडू नये म्हणून. बाईमाणूस आहे. मी वाद घातला नाही. आरमारी कमांडोंचं असणार, म्हणून तर समुद्राचा संबंध. वर शिटीही फुकट.

हातमोजे तर त्याहून स्वस्त. वेल्डिंगचे, चामड्याचे, कोपरापर्यंत येणारे. खोक्यात दोन्ही डाव्या हाताचे निघाले म्हणून मालक फेकून देणार होते. उजव्या हातात घातला की अंगठा करंगळीच्या बाजूला येतो, पण सवय होते. बोट घोड्यात शिरेना, म्हणून तर्जनीचं टोक कापलं. तेवढा एक कच्चा दुवा राहिला.

लुवीने पाहिलं. विचारलं, पापा, उन्हात उभं राहून बघितलंत का हे घालून? मी म्हटलं, उन्हाला घाबरणारे घरी बसतात.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली चाचणी. यश.

कॅप्टन दिंदो. रिक्षांचे सांगाडे वेल्डिंग करतो. दंड माझ्या मांडीएवढे, बोलणं मात्र हळू. विचारलं, तितो, हे जाकीट कुठलं? मी म्हटलं, सांगता येणार नाही. इथे सगळे मला तितोच म्हणतात. काका म्हणवून घ्यायचं माझं वय नाही, पण सोडून दिलं.

लुवी माझ्याच बाजूला होती. मी जुन्या बॉयलरपाशी जागा धरली. शिटी झाली, आणि पुढचा सगळा वेळ इकडून हिट, तिकडून हिट, लाल फडकी डोक्यावर घेऊन माणसं बाहेर चाललीयत. मी जागचा हललो नाही. समोरून कोणीतरी सारखं झाडत होतं. टक टक टक आवाज येत होता. छर्रे बॉयलरवर आपटत असणार. लुवी मागून ओरडली, पापा, बॉयलर तुमच्या पाठीमागे आहे. असेना. आवाज कुठूनही येतो.

खेळ संपला तेव्हा मी जिवंत. एकटा मी.

दिंदो जवळ आला. म्हणाला, तितो, काही जाणवलं नाही का? मी म्हटलं, छे. खरंच नाही जाणवलं. त्याने जाकीट अंगठ्याने दाबून पाहिलं. अंगठा हिरवा झाला.

मग पंगत. केळीच्या पानांची लांब रांग, त्यावर भाताचा बांध, भाजलेलं डुक्कर, तळलेली मासळी, खारवलेली अंडी, टोमॅटो. ताट नाही, वाटी नाही. खांद्याला खांदा लावून सगळे हातानेच खातात, मघाशी मारलं त्याच्याच पुढ्यातलं. माझे हात हिरवे, त्यामुळे माझ्या आसपासच्या भाताला कोणी हात लावला नाही. भरपूर मिळालं.

पेजवर टाकलं: ‘माझं जाकीट. एकदाही हिट नाही.’

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अंगभर पुरळ. हिरवं. पिलारने लेप लावला. व्हॅलेंटाइन डे असा गेला.

रविवार, १६ फेब्रुवारी

गेलो नाही. पाठ धरलीय. वजनाने नव्हे, झोपेत. लुवी जायच्या आधी पाठीला तेल चोळून गेली. एक रविवार वाया गेला असं म्हणता येणार नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पेजला पहिला खरा चाहता मिळाला. डॉक्टर क्यांबाव. पिलारची दाढ यांनीच काढली. म्हणाले, मलाही खेळायचंय, पण काय घ्यावं कळत नाही, तुमचं वाचलं आणि धीर आला. मी त्यांना पासिंगबाईंकडे घेऊन गेलो. माझ्या जाकिटाचं जुळं भावंड तिथेच होतं. डॉक्टरांनी रंग मारला नाही, नारिंगीच ठेवलं. अनुभव कमी, दुसरं काय.

रविवार, २३ फेब्रुवारी

दुसरी चाचणी. मी उत्तम खेळलो. बाकीच्यांच्या मनाचा कोतेपणा मात्र दिसला.

डॉक्टरांनी लाज आणली. सारखे मरत होते. माझंच जाकीट, तोच फोम, आणि दर पाच मिनिटांनी हिट, हिट करत हात वर. लांबून पाहिलं तर नारिंगी बुजगावणंच इकडून तिकडे चाललंय. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, डॉक्टर, या जाकिटातून काही जाणवत नाही, मग तुम्ही मरता कशाला? म्हणाले, जाणवत नाही खरं, पण टक वाजलेलं ऐकू येतं ना.

ऐकू येणं हा काही पुरावा नाही. दवाखान्यात ड्रिलच्या आवाजाने यांचे कान बिघडले असणार.

दुसर्‍या खेळात कोणीतरी ‘झॉम्बी’ म्हणालं. इथे ही मोठी शिवी आहे. छर्रा लागूनही जो मरत नाही, तो झॉम्बी. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. तिथे मी एकटाच होतो, पण तरी.

एक किरकोळ घटना. उजव्या तर्जनीच्या उघड्या टोकाला काहीतरी झणझणून चावलं. लाल मुंगी. नेमकं त्याच वेळी समोरून बंदूक वाजली. योगायोग.

पंगतीत लुवी माझ्याजवळ बसली. दुसर्‍या बाजूला केळीचं पान बरंच रिकामं होतं. तिने सगळी अंडी माझ्यापुढे सरकवली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

लुवी रात्रपाळीला निघाली होती. चपला घालता घालता म्हणाली, पापा, खरं सांगा, तुम्हाला खरंच कळत नाही? मी म्हटलं, खरंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी ताप किती ते बघायला मी तिच्या कपाळाला हात लावायचो, तसं काहीतरी. मग म्हणाली, बरं, मग मी सांगते त्यांना.

अंगणात जाऊन दिंदोला फोन केला. मी पडद्यामागे उभा होतो, सहज. ती म्हणत होती, माझे पापा खोटं बोलत नाहीत. जाकीट जाड आहे, मोजे तुझ्या धंद्यातले आहेत, त्यांना कळतच नाही रे. मी शब्द देते. झॉम्बी कोणी म्हणायचं नाही त्यांना, माझ्यासमोर तर नाहीच.

ऐकून बरं वाटलं. थोडं गरमही झालं. पंखा वाढवला.

मंगळवार, ४ मार्च

दिंदो दुकानात आला. वेल्डिंगचे रॉड घेतले, पैसे दिले, आणि गेलाच नाही. रॉडचा पुडा या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, तितो, राग मानू नका. ते मोजे मी रोज घालतो. त्यातून ठिणगी कळत नाही, छर्रा काय कळणार. तिसर्‍या चाचणीला साधं जाकीट घाला, साधे मोजे घाला. म्हणजे कोणाला बोलायला जागा राहणार नाही. लुवीने शब्द दिलाय तुमच्यासाठी, आणि आमच्यात तिचा शब्द चालतो.

मी म्हटलं, माझी काही हरकत नाही, पण पेजचं काय? लोक माझं बघून घेतायत. म्हणाला, कोण लोक? मी बोकडवाल्याचं नाव घेतलं नाही.

वाईट नाही मुलगा. जरा भित्रा आहे.

शनिवार, ८ मार्च

लुवीने आणले. जाळीचं जाकीट, खाकी, मुठीत मावेल इतकं. मोजे पातळ, तळव्याला रबराचे ठिपके, मनगटाला पट्टी. म्हणाली, बाजारातलं सगळ्यांत स्वस्त आहे पापा, पण नवशिक्याला याहून चांगलं लागत नाही. माझ्या हातात घालून, पट्टी आवळून, मूठ मिटून उघडून बघायला लावली. प्रत्येक बोट दाबलं. कळतंय? कळतंय. हे? हेही. मग एकदम हसली. म्हणाली, आता काही काळजी नाही. सोळा तारखेची चाचणी झाली की उरलेले सगळे रविवार आपण दोघं एका बाजूला.

बर्‍याच दिवसांनी अशी हसली.

शनिवार, १५ मार्च

नवं जाकीट घालून आरशासमोर उभा राहिलो. वाईट नाही, पण माणूस फार उघडा पडतो. जुनं गादीखाली ठेवलंय. वेळ सांगून येत नाही. पिलारने पाहिलं आणि म्हणाली, ते भंगारात जाईल, उद्या लेकीने दिलेलंच घालायचं. बायका सगळ्या एकमेकींना सामील.

निश्चय: उद्या छर्रा लागला तर ताबडतोब हिट म्हणायचं. मनाशी दहादा म्हणून पाहिलं. सोपं आहे.

रविवार, १६ मार्च

तिसरी चाचणी. विजय. सविस्तर लिहितो.

दिंदोने मला आणि लुवीला समोरासमोरच्या बाजूंना ठेवलं. तीच म्हणाली असं करू या, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मुलीने सांभाळून घेतलं. गिरणीच्या मागच्या खोलीत, जिथे खोबरं वाळवायचे, तिथे मी खिडकीखाली दबा धरला. बाहेर एकेक जण मरत होता. डॉक्टर तर सगळ्यांत आधी.

दारात पाऊल वाजलं. मी बंदूक उचलली. दारात लुवी. दोन हातांवर. तिने एकच छर्रा झाडला.

त्याच वेळी माझ्या उजव्या तर्जनीच्या नखाला काहीतरी झालं. डोळ्यांत पाणी आलं. खिडकीच्या चौकटीला फळकुटं आहेत, त्यातलं कुसळ असणार. तसंच असणार. मी हिट म्हणणारच होतो, तोंड उघडलंही होतं, पण कुसळासाठी कोणी हिट म्हणतं का? उगाच खोटं बोलल्यासारखं झालं असतं. आणि तिसरी चाचणी होती. सगळ्यांचे हात. उरलेले रविवार. हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं. मी जागचा हललो नाही आणि घोडा दाबला.

लुवी माझ्याकडे बघत होती. तिने बंदूक खाली केली. मग खिशातून लाल फडकं काढलं, डोक्यावर धरलं, मोठ्याने हिट म्हणाली आणि वळून गेली.

माझा पहिला बळी. आणि तोही टीममधली सगळ्यांत तरबेज खेळाडू. नंतर बघितलं तर माझ्या बंदुकीत छर्रे नव्हतेच. केव्हा संपले कळलं नाही. शेवटचा एक राहिला असणार, दुसरं काय.

बाहेर दिंदोने तिला विचारलं, तुला कोणी मारलं? ती म्हणाली, पापांनी. तो म्हणाला, आणि तितोंना लागलं? तिने लाल फडकं घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाली, नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर तर उड्या मारत होते. हात वर झाले. एकही खाली राहिला नाही. लुवीचा सगळ्यांत उंच.

टीमचा कापडी बिल्ला खांद्यावर लावतात. जादा बिल्ला नव्हता. लुवीने आपल्या जाकिटावरचा टरकन ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, मला आता नको, मी चाललेच आहे. बाप म्हणून ऊर भरून आला. एवढं मन कोणाचं असतं?

पंगतीला थांबली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. परतताना रिक्षाच्या साइडकारमध्ये माझ्या शेजारी न बसता मोटरसायकलवर ड्रायव्हरच्या मागे बसली. मागे वारा जास्त लागतो.

सोमवार, १७ मार्च

तर्जनीचं नख काळंनिळं. दुकानाच्या शटरमध्ये सापडलं असणार.

रविवार, २३ मार्च

बिल्ला लावून गेलो. लुवी आली नाही. सामान बघायचंय म्हणाली. जाऊन येतो म्हटलं तर म्हणाली, जा ना पापा, आता तुमचीच टीम आहे.

आजचा खेळ आश्चर्यकारक. कोणीच माझ्यावर छर्रा झाडला नाही. मी बागेच्या मधोमध उभा, चारी बाजूंनी उघडा, आणि दोन्ही बाजूंचे लोक मला वळसा घालून जात होते. एक जण तर माझ्या आडून दुसर्‍यावर नेम धरून बसला, नारळाच्या झाडामागे बसावं तसा. जाताना थॅंक्यू म्हणाला. दरारा म्हणतात तो हाच.

डॉक्टरही टीममध्ये आले. मतं घ्यावी लागली नाहीत, दिंदोनेच घेऊन टाकलं. त्यांच्यासाठी नवे बिल्ले शिवून आणले होते, चांगले मूठभर. मी म्हटलं, माझा लुवीला परत देतो मग. दिंदो म्हणाला, विचारलं होतं तिला. नको म्हणाली.

रविवार, ३० मार्च

लुवीला म्हटलं, आज चल, शेवटून दुसरा रविवार आहे. बॅगेचं कुलूप उघडबंद करून बघत होती. म्हणाली, दमलेय. मी म्हटलं, मीही थांबतो मग. म्हणाली, कशाला, तुम्ही जा, मी जरा झोपते.

गेलो. कोणी मारलं नाही. परत आलो.

रविवार, ६ एप्रिल

आज ठरवलं, टीम गेली खड्ड्यात, घरी थांबायचं. शेवटचा रविवार. सकाळीच जाहीर केलं. बाजारातून तिला आवडतं ते सगळं आणलं, सॉसेज, आंबे, ताजी मासळी. येऊन बघतो तर ती नाही. पिलार म्हणाली, तुम्ही घरी आहात म्हटल्यावर ती गिरणीत गेली. टीममधल्या मुलांनी बोलावलं होतं निरोपाला.

चुकामूक. तिला वाटलं असेल मीही मागून येईन.

दुपारी फेसबुकवर फोटो आले. केळीची पानं, भाताचा बांध, मधोमध लुवी, कपाळाला चिखल. शेजारी डॉक्टर नारिंगी जाकिटात. तोंडात घास आणि डोळे मिटून हसतेय. तिच्या दोन्ही बाजूंना माणसं खेटून बसलीयत. जागा नव्हती तिथे कुणाला.

मासळी मांजराला घातली नाही. मीच खाल्ली.

बुधवार, ९ एप्रिल. दुपार

मनिलाहून परतताना व्हॅनमध्ये लिहायला घेतलं होतं, पण पिलारच्या बहिणी गात होत्या. आता घरी.

विमानतळाच्या दारापलीकडे सोडत नाहीत. सगळी फौज बाहेरच. लुवीने आईला मिठी मारली, ती सुटेचना. मावश्यांना, मामांना, सगळ्यांना झालं. मग माझ्यासमोर आली. मोठ्यांचा हात घेऊन कपाळाला लावायचा, तसा माझा उजवा हात घेतला, लावला. मग सोडला नाही. उलटा करून नखाकडे बघत राहिली. काळं अर्ध्यापर्यंत वर सरकलंय.

हळूच म्हणाली, आईला ऐकू जाऊ नये इतकं, पापा, त्या दिवशी माझा छर्रा लागला होता ना?

रागाने नाही विचारलं. पेशंटला विचारतात, कुठे दुखतंय, तसं विचारलं. आणि थांबली. मागची माणसं ट्रॉल्या घेऊन खोळंबली, तरी थांबली. एक शब्द म्हणायचा होता. डॉक्टर दिवसभर म्हणतात तो. माझ्या तोंडात आलाही होता, अगदी दातांपाशी.

मी म्हटलं, मोजे फार चांगले आणलेस गं. काही कळलंच नाही.

ती बरं म्हणाली. हात जपून खाली सोडला आणि आत गेली. आत गेल्यावर एकदा वळली, आईला हात केला. मी शेजारीच होतो, म्हणजे मलाही केला असंच म्हणायचं.

घरी आल्यावर लुवीने दिलेले मोजे बाहेर काढून बसलो. उजवा घातला, पट्टी आवळली. पेनाचं टोक टेकवून पाहिलं. कळतं. पिलारच्या शिवणाच्या डब्यातली सुई टेकवली. कळतं. टेबलावर भाताचं वाळकं शीत होतं, ते ठेवून पाहिलं. तेही कळतं. नुसती फुंकर मारली तरी कळते.

पेज उघडून लिहिलं: ‘नवशिक्यांनी हेच मोजे घ्यावेत. सगळ्यांत स्वस्त. यातून सगळं लागतं. मलाही लागलं होतं.’

पोस्ट केलं. लुवीचा फोन बंद आहे, विमान हवेत असणार. उतरल्यावर तिने वाचलं, तरी तिला वाटेल पापा मोज्यांची जाहिरात करतायत.